पोळ्यांच्या डब्याला ताप

पोळ्यांचा डबा रिकामा करायचा, एवढाच निर्णय मी घेतला होता. त्यात काही चुकेल असं कुणाला वाटेल? (डब्यात पोळ्या होत्या. त्या मी ताटलीत काढल्या, वर झाकायला विसरलो आणि मांजरीनं खाल्ल्या. पण तो वेगळा खटला आहे आणि त्याचा निकाल माझ्याविरुद्ध कधीच लागून गेला आहे.)

डबा मला हवा होता गेम बसवायला. म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा तो जुन्या काळचा व्हिडिओ गेम, ज्यात जाडजूड कॅसेट खुपसायची आणि चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. आता तसले गेम कुणी ठेवत नाही. पण पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटरचा बोर्ड मिळतो, त्यात ते जुने खेळ भरता येतात आणि हे सगळं घरच्या घरी जमतं, असं मी मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिलं होतं. मेहकरला एका कचेरीत मी आवक-जावक कारकून आहे. कारकुनाला घरच्या घरी काय काय जमतं याबद्दल माझ्या बायकोची मतं वेगळी आहेत, पण व्हिडिओतला माणूस फार हसून बोलत होता.

गेम हवा होता तिच्यासाठीच. दीपमाला तिचं नाव, माहेर मलकापूर. तिथं शेजारी शाहीन नावाची तिची मैत्रीण राहायची आणि शाहीनच्या भावाकडं, सकलैनकडं, असा गेम होता. सकलैन दुकानात गेला की या दोघी खेळायच्या. खेळात पाठीवर गाठोडं घेतलेला एक बुटका माणूस. खड्डे, नदी, डोंगर ओलांडत तो शेवटी आभाळात पोचायचा आणि मग एका ढगावरून दुसऱ्या ढगावर उड्या मारत चंद्राकडं निघायचा. दोघींनी त्याचं नाव गाठोडेवाला ठेवलं होतं. एकदा तो शेवटच्या ढगावर पोचला. आता एक उडी, की चंद्र. आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा सकलैनही आला होता. पुढं त्यानं तो गेम कुणाला तरी देऊन टाकला, शाहीनचं लग्न भुसावळला झालं आणि दीपमालाचं माझ्याशी झालं. (यातल्या शेवटच्या घटनेबद्दल ती सगळ्यात कमी बोलते.)

गाठोडेवाल्याची गोष्ट सांगताना तिचा चेहरा इतका मोकळा व्हायचा की ऐकलेली गोष्ट मी पुन्हा पुन्हा विचारायचो. त्या वर्षी मात्र तिनं ती सांगितलीच नव्हती.

ते वर्ष बोंडअळीचं. कपाशीचं बीटी बियाणं, त्याला अळी लागत नाही असं सगळे सांगत होते. अळ्यांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावच्या, जानेफळच्या शिवारात हिरवंगार बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली असायची. असला कापूस वेचला की अंगाला खाज सुटते, म्हणून मजूर बायका यायला नाही म्हणत. दीपमाला अंगणवाडीतून आली की स्वतःच वेचणीला जायची, हात खाजवत परत यायची आणि जेवून गप्प पडायची. माझे वडील, भाऊराव, हे मुळातच कमी बोलणारे. त्या वर्षी ते फक्त बैलांशी बोलत. घरात कुणी हसत नव्हतं. मी माझ्याकडून प्रयत्न करायचो, पण माझ्यावर हसायलासुद्धा माणसाच्या अंगात थोडी ताकद लागते.

अळीच्या तावडीतून सुटलेला कापूस बाबांनी घरातच भरून ठेवला होता. भाव येईल, असं ते म्हणत. समोरची खोली खिडकीपर्यंत पांढरी झाली होती. टीव्ही भिंतीतल्या उंच फळीवर होता म्हणून तेवढा वर राहिला. बातम्या बघायच्या तर कापसावर चढून बसायचं. बसलं की माणूस कमरेपर्यंत आत जायचा, आणि दुपारचं ऊन खिडकीतून आलं की हवेत कापसाचे तंतू तरंगताना दिसायचे, वरही जायचे नाहीत आणि खालीही पडायचे नाहीत. मी त्यांच्याकडं बघत बसलो की आपण कशासाठी उठलो होतो ते विसरायचो. (ही सवय मला कापसाच्या आधीपासून होती, पण कापसामुळं तिला जागा मिळाली.)

या खोलीत बाबांचा कायदा चाले. काडी ओढायची नाही, उदबत्ती लावायची नाही. ते स्वतः विडी ओढायला रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जात. दाराशी पाण्यानं भरलेली बादली कायम ठेवलेली असे आणि तिच्यातलं पाणी ते रोज सकाळी बदलत. आग विझवायला ताजं पाणी कशाला लागतं, हे मी एकदा विचारलं होतं. उत्तर म्हणून त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

अशात शाहीनचा फोन आला. नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात तीही तिकडं जाणार होती. त्याआधी मेहकरला एका लग्नाला येणार होती आणि तिथून एक दुपार दीपमालाकडं काढणार होती. त्यानंतर कधी भेट होईल हे दोघींनाही माहीत नव्हतं.

फोन ठेवून दीपमाला तशीच उभी राहिली.

"थो गेम असता त दोघी मिळून चंद्रावर गेलो असतो," ती म्हणाली आणि थोडीशी हसली.

किती दिवसांनी हसली होती. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी नवऱ्यानं गप्प बसावं की नाही?

"म्या बनवतो," मी म्हणालो.

बोर्ड आणि खेळायचे दोन वायरवाले रिमोट नागपूरहून बसनं मागवले. दीपमाला घरी नसताना बोर्ड तसाच उघडा टीव्हीला जोडला. पडद्यावर रंगीत चौकोन आला, मग पांढरी अक्षरं भराभर वर सरकली आणि मग खरोखर गाठोडेवाला आला. मी खेळायला लागलो आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. पुन्हा खेळलो, पुन्हा त्याच खड्ड्यात. संध्याकाळपर्यंत मी दुसरा खड्डा बघितला नाही. पण मशीन चाललं होतं. राहता राहिलं त्याला घर देणं.

म्हणून तो पोळ्यांचा डबा. बाजूला भोक पाडून वायरी बाहेर काढल्या. बोर्ड आत खडखडत होता आणि पत्र्याला लागला तर शॉक बसेल अशी भीती होती, तेव्हा आपल्या भागात नाजूक वस्तू जशी ठेवतात तशी ठेवली. बांगड्या, आरसा, चष्मा, काहीही असो, आम्ही ते कापसात ठेवतो. कापूस घरचाच होता. बोर्डाच्या खाली, वर, चारी बाजूंनी सरकी काढलेला मऊ मऊ कापूस भरला, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

रंगीत चौकोन आला. पांढरी अक्षरं आली. मग अंधार.

पुन्हा बटण दाबलं. चौकोन, अक्षरं, अंधार. उघडा असताना तो चालला होता हे माझ्या लक्षात होतं. त्याचा अर्थ मी असा लावला की नवीन घरात त्याला अजून करमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहाबभाईकडं गेलो. स्टँडजवळ त्यांचं दुकान आहे, पंपाच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देतात.

"जयभीम देवानंदभाऊ. आज इकडं कसे?"

मी सगळं सांगितलं.

"चालूच होत नाही का चालू होऊन बसते?"

"चालू होऊन बसते."

"कोन्या टायमाले?"

"सकाळी. हापिसात जायच्या आधी."

"मंग थंडी हाय हो थे," वहाबभाई म्हणाले. "पूस महिना चालू हाय. माहं डिझेल इंजन नाही का, सकाळी दोनदा भकभक करते अन् बसते. पोतं टाकून ठेवा त्याच्यावर. गरम झालं की बराबर चालते."

"पन हे इंजन नाही ना, वहाबभाई."

"करंटवर चालते ना?"

"हाव."

"मंग झालं त."

मी मान डोलावली. (जाणकार माणसापुढं मी लगेच मान डोलावतो. अजाण माणसापुढं त्याहून लवकर.) घरी येऊन डब्यात आणखी कापूस दाबला आणि वरून पोतं गुंडाळलं. आता अक्षरं अर्ध्यावरच थांबायला लागली आणि अंधार लवकर यायला लागला.

इकडं दीपमाला रोज विचारायची, "झालं का हो?" आणि मी म्हणायचो, "शेवटचं थोडंसं राह्यलं." एकदा तिला फोनवर शाहीनला सांगताना ऐकलं, "अगं, यायनं सोता बनवला. सोताच्या हातानं." इतका अभिमान माझ्याबद्दल तिच्या आवाजात मी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. मी जाऊन डब्यावरचं पोतं आणखी आवळलं.

मग एका सकाळी आई, म्हणजे सिंधूताई, माझ्या मागं येऊन उभी राहिली. पडद्यावर अक्षरं सरकत होती.

"कोपऱ्यात लाल लाल काय दिसून राह्यलं रे थे?"

"काही नाही, आई. नक्षी हाय."

"नक्षी कायची? थर्मामीटर हाय थे. नर्सबाई काखेत लावते ना, थेच."

मी नीट बघितलं. कोपऱ्यात खरंच एक इवलासा थर्मामीटर होता आणि लाल रेघ वरपर्यंत चढली होती. गेले काही दिवस मी तो रोज बघत होतो आणि मला तो आवडायलाही लागला होता. तेवढ्यात अंधार झाला.

"ताप आला त्याले," आई म्हणाली. "तुले लहानपणी ताप आला की म्या काय करो?"

"गोधडी पांघरो."

"अन् मंग?"

"घाम ये अन् ताप उतरे."

"मंग मले काय इचारतं?"

वहाबभाईंनी थंडी सांगितली, आईनं ताप सांगितला. औषध मात्र दोघांचं एकच निघालं. दोन तज्ज्ञ एकमेकांना न भेटता एकाच उपायावर येतात तेव्हा कारकुनानं शंका घेऊ नये. मी पोतं काढलं आणि आईची जुनी गोधडी डब्याला छान घट्ट लपेटली. मशीन चालू ठेवूनच लपेटली, म्हणजे घाम लवकर येईल.

शाहीन यायच्या आदल्या दुपारी मी रजा टाकून कापसात बसलो होतो. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला डबा होता. ऊबदार लागत होता, आणि मला वाटलं, चला, गुण येतोय. खिडकीतून ऊन येत होतं, तंतू तरंगत होते. डोळा कधी लागला कळलं नाही. कापूस खिडकीतून बाहेर निघाला, लिंबावरून वर गेला आणि आभाळात त्याचे ढग झाले. दीपमाला पुढच्या ढगावर उभी होती, हातांना खाज नव्हती, पदर खोचलेला होता. "या ना," ती म्हणाली. मी उडी मारायला पाय उचलला. खाली पहिला खड्डा होता. आभाळात खड्डा कसा, असं मी विचारणार तोच मांजर अंगावरून गेली आणि जाग आली. डबा अजून ऊबदार होता. बटण बंद करून रात्रभर त्याला आराम दिला.

शाहीन आली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. दार ओलांडताच तिनं कापूस बघितला आणि विचारपूस न करता सरळ त्यावर जाऊन बसली. कमरेपर्यंत आत गेली आणि हसायला लागली.

"दीपा, ये तो अपना आखरी वाला ढग है," ती म्हणाली.

दीपमालाही तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींनी रिमोट हातात घेतले. आई दारात उभी होती. बाबा लिंबाखाली विडी ओढत होते.

"जीजू, करा चालू," शाहीन म्हणाली.

मी गोधडीत हात घालून बटण दाबलं. रंगीत चौकोन आला. अक्षरं आली, पूर्ण वरपर्यंत गेली. थर्मामीटर दिसत नव्हता. आणि गाठोडेवाला आला. पाठीवर गाठोडं, तोच बुटका, तोच.

दीपमालानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी जन्मभर विसरणार नाही. मी ताठ उभा राहिलो, जसं सत्काराला उभं राहतात तसा.

गाठोडेवाल्यानं पहिला खड्डा ओलांडला, दुसरा ओलांडला. मग कोपऱ्यात थर्मामीटर आला, आणि अंधार.

"होते, होते," मी म्हणालो. "तापातून उठला ना आताच." गोधडी आणखी आवळली आणि बटण दाबलं. अंधार. पुन्हा दाबलं. आता गोधडीतून एक वास यायला लागला. तव्यावर पोळी विसरली की येतो तसा.

माझ्या लक्षात यायच्या आधी तो वास रस्ता ओलांडून लिंबाखाली पोचला होता. बाबांना इतकं जोरात पळताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी दारातली बादली उचलली आणि सगळी ओतली, डब्यावर, गोधडीवर, माझ्यावर आणि समोरच्या कापसावर. पाणी त्या दिवशीचंच होतं. ताजं.

मी डब्याच्या सगळ्या वायरी उपसल्या आणि डबा उघडला. आतला कापूस खरपूस तपकिरी झाला होता. पोळ्यांच्या डब्यात शेवटी काहीतरी भाजलं गेलंच. मधोमध बोर्ड पाण्यात बसला होता.

"यानं कापूस लपेटला विजेले," बाबा म्हणाले. मला नाही, आईला म्हणाले. मग ओल्या कापसाकडं बघत राहिले. कापसात पाणी मारून वजन वाढवणाऱ्या लोकांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली होती, आणि आज स्वतःच्या हातानं अख्खी बादली ओतली होती. "म्या पानी टाकलं कापसात," ते हळूच म्हणाले.

टीव्ही वर होता म्हणून वाचला. त्याचा पडदा नुसता निळा झाला होता, आभाळासारखा, त्यात काहीच नव्हतं. दीपमाला त्या निळ्याकडं बघत होती. रिमोट तिच्या हातातच होता, वायर लोंबत होती. मला रडू आलं. विनोदी गोष्ट सांगणाऱ्यानं असं सांगू नये, पण आलं. तिची एक दुपार मी मागून घेतली होती आणि भाजून टाकली होती.

"दीपमाला, मले वाटलं..."

"थांबा तुमी," ती म्हणाली.

मग शाहीननं आपल्या रिमोटवरचं पाणी ओढणीनं पुसलं आणि निळ्या पडद्याकडं बघत म्हणाली, "दीपा, किधर थे अपन?"

दीपमालानं लोंबणारी वायर मांडीवर घेतली.

"शेवटच्या ढगावर," ती म्हणाली. "लाइट गेली होती."

"हां. तर लाइट आली. पण तू एकदम नको कूदू. पहले ढग हिलता है."

"मले माहीत हाय, थो डाव्या अंगाले जाते." दीपमालानं बटण दाबलं. "थांब. आता येते इकडं. येऊ दे."

"वो पक्षी आया बघ."

"दिसला. वाकली मी."

दोघी निळ्या पडद्यावर डोळे लावून बटणं दाबत होत्या आणि डावीकडं उजवीकडं झुकत होत्या. आई दारातून आत आली आणि कापसावर बसली. बाबा उभेच होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आता कुठं हाय थो?"

"काठावर हाय, मामंजी," दीपमाला म्हणाली. "चंद्र समोरच हाय."

"सांभाळून जा म्हना त्याले."

बाबा आमच्याशी बोलले होते. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं.

"एक, दो," शाहीन म्हणाली, आणि दोघींनी एकदम बटण दाबलं. हवेत तंतू तरंगत होते. मीसुद्धा श्वास धरला होता. मग दीपमाला एकदम मागं कापसात पडली आणि हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शाहीन तिच्या गळ्यात पडली.

"पोचला?" आईनं विचारलं.

"पोचला, चाची."

"कसं हाय तिथं?"

"सगळं पांढरंच हाय," दीपमाला म्हणाली. "कापसासारखं."

"अळी नाही ना?" बाबांनी विचारलं.

"नाही, काका."

"मंग बरं हाय," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या मिशा हलल्या. ते हसत होते.

नंतर सगळ्यांनी खेळून बघितलं. आई नदीपर्यंत गेली. बाबांनी रिमोट उलटा धरला होता तरी पहिल्याच फेरीत डोंगर चढून आले, आणि शाहीननं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग दीपमालानं रिमोट माझ्या ओल्या हातात दिला. "घ्या," ती म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता.

मी कापसात बसलो. निळ्या पडद्याकडं बघितलं. मशीन नव्हतं, वायर कशालाच जोडलेली नव्हती, पडद्यावर टिंबसुद्धा नव्हतं. असा खेळ जिंकायला जमणार नाही असा माणूस जन्माला यायचा आहे, असं मला वाटलं. मी ऐटीत बटण दाबलं.

"पडले," दीपमाला म्हणाली.

"कुठं?"

"पहिल्या खड्ड्यात."

"कोन्या खड्ड्यात? इथं काहीच नाही हाय," मी म्हणालो. "बाबा, तुमी सांगा."

बाबांनी निळ्या पडद्याकडं नीट बघितलं आणि मान हलवली.

"पडला तू. म्या पाह्यलं."

खरं सांगायचं तर मलाही दिसलं होतं.